डोंगराची खडी, नदीची वाळू आणि आमचा कारोबार

घर बांधणारा माणूस सिमेंटच्या गोण्या एक एक मोजून घेतो. सळईचे वजन काट्यावर करून घेतो. खडी आणि वाळूची वेळ आली की मात्र ‘दोन गाड्या टाकून द्या’ एवढेच सांगतो. माल कोठून आला, कोणत्या डोंगरातून फुटला, कोणत्या नदीतून उपसला, त्याची पावती कोणाच्या नावाची आहे, हे विचारण्याची आपल्याकडे चालच नाही. वास्तविक इमारतीत सर्वांत जास्त वजन या दोनच वस्तूंचे असते. हजार चौरस फुटांचा, पाच इंच जाडीचा साधा स्लॅब घेतला तर एकास दीड, तीन या प्रमाणाने त्याला सुमारे साडेतीन ब्रास खडी आणि पावणेदोन ब्रास वाळू लागते. पाया, कॉलम, भिंती, गिलावा आणि फरशीखालची भर यांचा हिशेब वेगळाच.

नाशिक शहर व जिल्ह्यात या मालावर आमच्या किती बांधवांची रोजीरोटी चालते, याची यादी करावयास बसलो तर हे पान पुरणार नाही. डंपरचे मालक व चालक, डंपरची बॉडी बांधणारे, पाटा-कमानीचे कारागीर, टायरवाले, वेल्डर, गवंडी, सेंट्रिंगवाले, गिलावा करणारे, फरशी बसविणारे, हार्डवेअरचे दुकानदार अशी ही साखळी आहे. डोंगर आणि नदी या साखळीच्या पहिल्या कडीवर उभ्या आहेत. त्यामुळे पर्यावरण हा विषय निसर्गप्रेमी मंडळींचा, व्यापाऱ्याचा त्याच्याशी काय संबंध, असे म्हणून आम्हांस पान उलटता येत नाही.

या प्रश्नाने आताच उचल खाण्याचे कारणही उघड आहे. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला आणि ७०१ किलोमीटरचा रस्ता पूर्ण झाला. सिन्नर व इगतपुरी तालुक्यांतून जाणाऱ्या या रस्त्याच्या भरावासाठी मुरूम आणि खडीचे अक्षरशः डोंगर लागले. ते काम संपते न संपते तोच २०२६-२७ च्या सिंहस्थाची कामे आली. रस्ते, पूल, घाट, वाहनतळ ही सर्व दगडाचीच मागणी आहे. मागणी वाढली की भाव वाढतो, भाव वाढला की रात्रीच्या गाड्या वाढतात, हा बाजाराचा जुनाच नियम होय.

हा दगड आला कोठून?

नाशिकच्या जमिनीखाली सगळीकडे काळा पाषाण आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीला भेगा पडून लाव्हारस बाहेर आला, एकावर एक थर साचत गेले आणि त्यातून दख्खनचे पठार बनले. आपल्या डोंगरांकडे लांबून पाहिले तर आडव्या पायऱ्या दिसतात, त्या या थरांच्याच. कठीण थर खडीच्या कामाचा असतो. त्याच्या वर झिजून भुसभुशीत झालेला थर म्हणजे मुरूम, तो भरावाला जातो. खाणीतून निघणारा मोठा तुकडा डबर, तो पायाला आणि बांधाला. फोडताना उरणारी बारीक पूड म्हणजे कच. पूर्वी ती खाणीच्या कडेला पडून असे, आज तिला गिऱ्हाईक आहे.

या पाषाणाशी नाशिकचे नाते फार जुने आहे. पांडवलेणी याच दगडात कोरलेली आहेत. तेथील शिलालेख व्यापारी व कारागीर मंडळींनी एकदा तरी समजून घ्यावेत असे आहेत. क्षत्रप राजा नहपान याचा जावई उषवदात याने ३००० कार्षापण गोवर्धन येथील विणकरांच्या दोन श्रेणींकडे ठेव म्हणून दिले, त्यांपैकी २००० वर दरमहा शेकडा एक आणि १००० वर शेकडा पाऊण असे उत्पन्न ठरविले, ही नोंद तेथे दगडात कोरून ठेवली आहे. दुसऱ्या एका लेखात कुंभार, तेली आणि पाण्याची यंत्रे करणारे यांच्या श्रेणींचा उल्लेख येतो. गोवर्धन हे गाव आजही गंगापूरच्या वाटेवर आहे. याचा अर्थ असा की सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी नाशिकच्या कारागिरांची पत एवढी होती की राजघराणे आपला पैसा त्यांच्याकडे ठेवीत असे. पुढे मोगल अमलात याच शहराला गुलशनाबाद म्हणत. काळाराम मंदिराचा काळा दगड रामशेजच्या डोंगरातून आणला असे सांगतात. दगड काढणे ही नवी गोष्ट नव्हे. फरक एवढाच की छिन्नी-हातोडीने वर्षभरात जेवढे निघे तेवढे आज पोकलेन आणि सुरुंग काही दिवसांत काढतात.

याच दगडाच्या पोटात आणखी एक माल आहे आणि तो फारच थोड्या लोकांना ठाऊक आहे. लाव्हा थंड होताना त्यात वायूचे बुडबुडे अडकले, त्या पोकळ्यांत पाणी झिरपून स्फटिक तयार झाले. स्टिलबाइट, अपोफिलाइट, मेसोलाइट अशी त्यांची नावे आहेत. पांडवलेण्याजवळच्या खाणीतून निघालेले पिवळे पॉवेलाइट जगभरच्या संग्राहकांमध्ये नावाजलेले आहे. पुण्याजवळ वाघोलीच्या खाणींत निळे कॅव्हान्साइट सापडले. सिन्नरच्या औद्योगिक वसाहतीत २००१ पासून गारगोटी संग्रहालय आहे, तेथे असे नमुने पाहावयास मिळतात. दरवर्षी अमेरिकेत ॲरिझोना प्रांतातील टूसॉन येथे खनिजांचा मोठा बाजार भरतो आणि तेथे महाराष्ट्राचे स्फटिक विकले जातात. क्रशरच्या जबड्यात गेलेल्या अशा तुकड्याची किंमत खडीएवढी होते. तोच हलक्या हाताने बाहेर काढला तर कारागिराला काही दिवसांची मजुरी देऊन जातो. रत्ने व खड्यांच्या धंद्यातील बांधवांनी याकडे अवश्य पाहावे.

डोंगर कापला की विहीर का आटते

डोंगर हा नुसता दगडांचा ढीग नाही. वरचा मुरमाचा थर आणि पाषाणातील भेगा पावसाचे पाणी पितात व ते सावकाश खाली सोडतात. पायथ्याचे झरे, ओहोळ आणि विहिरी त्यावर चालतात. मुरूम काढून नेला म्हणजे पाणी पिणारा थरच गेला. मग पाऊस पडतो तेव्हा पाणी धावत सुटते, सोबत माती नेते आणि पाऊस सरल्यावर हंड्यांच्या रांगा लागतात. खाणीचा खड्डा पाण्याच्या पातळीखाली गेला तर आजूबाजूच्या विहिरींचे पाणी त्याच्याकडे ओढले जाते, आणि खाणवाला तेच पाणी पंप लावून बाहेर फेकतो.

वाहून गेलेली माती शेवटी धरणात बसते. नाशिकला पाणी देणाऱ्या गंगापूर धरणाची मूळ साठवण ७,२०० दशलक्ष घनफूट धरली होती, आज ती ५,६३० दशलक्ष घनफूट धरली जाते. म्हणजे पाचवा हिस्सा गाळाने खाल्ला. हा सर्व गाळ खाणींमुळेच आला असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. जंगलतोड व उताराची नांगरट यांचाही त्यात वाटा आहे. पण उतारावर उघडी पडलेली माती कोणी उघडी पाडली हे पाऊस विचारीत नाही.

गोदावरी ज्या ब्रह्मगिरीतून उगम पावते त्याच्याच पायथ्याशी यंत्रे लावून खोदकाम चालल्याचे २०२१ मध्ये पुढे आले आणि नाशिकमध्ये मोठा गदारोळ झाला. बेळगाव ढगा येथील संतोषा व भागडी या डोंगरांसाठीही लोक रस्त्यावर उतरले. सारूळच्या खाणींचा वाद गाजला. जिल्हा प्रशासनाने डोंगरांवरील खोदकामावर नजर ठेवण्यासाठी कृतिदल नेमले. पश्चिम घाटासाठी कस्तुरीरंगन समितीने २०१३ मध्ये अहवाल दिला. त्यावर आधारलेल्या मसुद्यात महाराष्ट्रातील १७,३४० चौरस किलोमीटर क्षेत्र संवेदनशील दाखविलेले असून त्यात नाशिक जिल्ह्यातील घाटाकडील गावे आहेत आणि अशा क्षेत्रात खाणींना बंदी सुचविली आहे. हा मसुदा २०१४ पासून पुन्हा पुन्हा प्रसिद्ध होत आला आहे, सहाव्यांदा तो ३१ जुलै २०२४ रोजी निघाला. ज्या बांधवांनी त्या पट्ट्यातील खाणीच्या भरवशावर डंपरचे हप्ते घेतले आहेत त्यांनी ही गोष्ट हिशेबात धरलेली बरी. परवाना आज चालू आहे म्हणून हप्ता फिटेपर्यंत चालू राहील याची हमी कोणी देत नाही.

धुळीचेही दोन शब्द सांगितले पाहिजेत. काळ्या पाषाणात वाळूच्या दगडाइतकी मोकळी सिलिका नसते हे खरे, पण क्रशरची बारीक धूळ वर्षानुवर्षे छातीत जाणे कोणालाही मानवत नाही. कायद्याने क्रशरभोवती वारा अडविणारी भिंत, झाकलेले पट्टे आणि पाण्याचे फवारे असणे जरूर आहे. यंत्रापासून ३ ते १० मीटर अंतरावर हवेत तरंगती धूळ घनमीटरला ६०० मायक्रोग्रॅमच्या आत असावी, असे मानक आहे. फवारे तपासणीच्या दिवशी चालतात आणि एरवी पाण्याचा खर्च वाचवितात, हे या धंद्यातील सर्वांना ठाऊक आहे. तेथे काम करणारा मजूर आणि गाडी भरेपर्यंत काच उघडी ठेवून बसणारा आमचा चालक हीच धूळ घेऊन घरी जातो. तोंडाला रुमाल बांधून ही धूळ अडत नाही, त्यासाठी बारीक कण गाळणारा मास्क लागतो आणि त्याची किंमत एका वेळच्या डिझेलच्या तुलनेत काहीच नाही.

वाळू: दुबईत आहे, तरी नाही

आमच्यातील अनेकांचे भाऊ-पुतणे आखातात आहेत. चोहीकडे वाळवंट असताना तेथे बांधकामाची वाळू बाहेरून का आणावी लागते, असा प्रश्न त्यांना पडतो. कारण साधे आहे. वाऱ्याने फिरविलेला वाळवंटी कण घासून गोल व गुळगुळीत होतो, सिमेंट त्याला नीट धरीत नाही. नदीचा कण कंगोऱ्यांचा असतो. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण विभागाने २०२२ च्या अहवालात जगभरात दरवर्षी सुमारे ५० अब्ज टन वाळू व खडी वापरली जाते असा अंदाज दिला आहे. पाण्याखालोखाल माणूस सर्वांत जास्त वापरतो ती हीच वस्तू होय. इंडोनेशियाने आपली बेटे व किनारे खचू लागल्यावर २००३ मध्ये समुद्री वाळूची निर्यात बंद केली, तेव्हा सिंगापूरच्या बांधकामवाल्यांची धावपळ उडाली होती.

नाशिक जिल्ह्यात गिरणा व मोसम या नद्यांची वाळू कळवण, सटाणा, मालेगाव भागात निघते. नाशिक शहराची भूक त्याने भागत नाही म्हणून तापीकाठची वाळू लांबून येते आणि भावात मालापेक्षा भाड्याचा वाटा मोठा होतो.

नदीच्या पात्रातील वाळू हा पाण्याचा गुप्त साठा आहे. वरून नदी कोरडी दिसते, पण वाळूत हातभर खोदले की पाणी लागते, हे गिरणाकाठच्या लहान मुलांनाही माहीत असते. वाळू उपसली की हा साठा गेला, पात्र खोल गेले आणि काठच्या विहिरींची पातळी त्याच्या मागोमाग उतरली. मालेगावसारख्या यंत्रमागाच्या गावात, जेथे वस्ती दाट आणि पाणी आधीच मोजके, तेथे नदीचे नुकसान म्हणजे थेट घरातल्या हंड्याचे नुकसान आहे. पुलांचे पाये उघडे पडतात ते वेगळेच.

म्हणूनच सर्वोच्च न्यायालयाने २७ फेब्रुवारी २०१२ रोजी दीपक कुमार विरुद्ध हरियाणा राज्य या प्रकरणात पाच हेक्टरपेक्षा लहान खाणींनाही पर्यावरण मंजुरी सक्तीची केली. त्याआधी मोठ्या खाणीचे लहान लहान तुकडे पाडून मंजुरी टाळण्याची युक्ती देशभर चालत असे. केंद्राच्या २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे उपसा तीन मीटर किंवा पाण्याची पातळी, यांपैकी जे कमी असेल तेथपर्यंतच करावयाचा आणि काठापासून ठरावीक अंतर सोडावयाचे. महाराष्ट्रात १० जून ते ३० सप्टेंबर या काळात उपशाला बंदी असते.

राज्य शासनाने वाळूचे धोरण किती वेळा बदलले याचा हिशेब ठेवणे व्यापाऱ्यास कठीण झाले आहे. २०२३ मध्ये लिलाव बंद करून शासकीय डेपोतून ६०० रुपये ब्रासने वाळू देण्याची योजना आली. पहिला डेपो १ मे २०२३ रोजी श्रीरामपूर तालुक्यातील नायगाव येथे सुरू झाला. कल्पना चांगली होती, पण डेपो थोडे, मागणी अफाट, आणि वाहतूक गिऱ्हाइकाच्या माथी. लहान गवंडी ठेकेदाराला नोंदणी करून आपली पाळी येईपर्यंत थांबणे परवडले नाही व तो पुन्हा रात्रीच्या गाडीकडे वळला. एप्रिल २०२५ च्या नव्या धोरणाने लिलाव परत आणले. त्यात दहा टक्के वाळू घरकुलाच्या लाभार्थ्यांसाठी राखीव असून पाच ब्रासपर्यंत ती मोफत मिळावयाची आहे. आमच्या वस्त्यांतील ज्यांची घरकुले मंजूर आहेत त्यांनी तहसील कार्यालयात जाऊन ही वाळू मागून घ्यावी. मागितल्याशिवाय कोणी दारात आणून टाकीत नाही.

मे २०२५ मध्ये मंत्रिमंडळाने कृत्रिम वाळूचे, म्हणजे ज्याला बाजारात क्रश सँड किंवा एम-सँड म्हणतात त्याचे, धोरण मंजूर केले. त्या वेळी प्रत्येक जिल्ह्यात पहिल्या ५० कारखान्यांना सवलती देण्याचे, आणि ६०० रुपये ब्रासऐवजी २०० रुपये स्वामित्वधन आकारण्याचे ठरले. भांडवल असणाऱ्या बांधवांसाठी ही संधी आहे यात शंका नाही. चार-पाच जणांनी भागीदारीत उतरावयाचे ठरविले तर यंत्र आवाक्याबाहेरचे नाही. मात्र एक गोष्ट उघड बोलली पाहिजे. कृत्रिम वाळू नदी वाचविते, डोंगर वाचवीत नाही. तो भार गिरणेवरून उचलून सारूळवर ठेवण्यासारखा प्रकार आहे. खाणीच्या कडेला पडलेली कच व खडीचे उरलेले तुकडे यांतून ती बनविली तर फायदा खरा, तिच्यासाठी नवा डोंगर उघडला तर नव्हे.

कृत्रिम वाळूबद्दल गवंड्यांच्या मनात अढी आहे. ‘हिच्यात पूड फार, गिलाव्याला तडे जातात’ ही तक्रार आम्ही वडाळा-पाथर्डी रस्त्यावरील साहित्य पुरवठादारांकडे अनेकदा ऐकली. तक्रार खोटी नाही, पण दोष वाळूचा नसून कच वाळूच्या नावाने विकणाऱ्याचा आहे. साध्या जबड्याच्या क्रशरची कच चपटी व धारदार असते. कृत्रिम वाळूसाठी दगड दगडावर आपटून कणाला घनाकार देणारे वेगळे यंत्र लागते व नंतर माल धुवावा लागतो. भारतीय मानक ३८३ च्या २०१६ च्या आवृत्तीत अशी वाळू मान्य आहे. ७५ मायक्रॉनखालील पूड नैसर्गिक वाळूत ३ टक्के आणि कृत्रिम वाळूत १५ टक्क्यांपर्यंत चालते. पुरवठादाराकडून चाचणीचा दाखला मागावा. काँक्रिटची, बांधकामाच्या चुन्या-मसाल्याची आणि गिलाव्याची वाळू वेगवेगळ्या जाडीची असते, एकाच ढिगातून तिन्ही कामे काढणाऱ्याला तडे सांभाळावेच लागतात.

नदीची वाळू तपासण्याची घरगुती रीत जुनी आहे. काचेच्या बाटलीत निम्मी वाळू घालावी, पाणी ओतून चमचाभर मीठ टाकावे, जोराने हलवून तीन तास ठेवावे. वर जो गाळाचा थर बसतो तो वाळूच्या आठ टक्क्यांहून जास्त असेल तर गाडी परत करावी.

वाळूच्या मापातही मेख आहे. ब्रास म्हणजे १०० घनफूट. वाळू जराशी ओली असली, म्हणजे तिच्यात पाच टक्क्यांच्या आसपास पाणी असले, की ती फुगते आणि आकारमान पाव भागाने वाढते. म्हणजे ओल्या वाळूची चार ब्रासांची गाडी वाळल्यावर सव्वातीन भरते. पूर्ण पाण्यात बुडविली तर हीच वाळू परत मूळ मापावर येते. त्यामुळे एका ब्रासला सुमारे साडेचार टन धरून काट्यावर माल घेणे शहाणपणाचे, तेही ओलाव्याची वजावट बोलून.

गोव्यात काय झाले

उपसा बेहिशेबी झाला आणि एक दिवस अचानक थांबला तर काय होते, हे पाहावयास लांब जावे लागत नाही. गोव्यात लोहखनिजाची चीनला प्रचंड निर्यात होत होती. शेकडो कुटुंबांनी कर्ज काढून टिपर घेतले, बार्ज बांधल्या, गॅरेजे टाकली. शहा आयोगाने बेकायदा खाणकामावर बोट ठेवल्यानंतर सप्टेंबर २०१२ मध्ये राज्य शासनाने खाणी थांबविल्या व ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केले. एप्रिल २०१४ च्या निकालाने वर्षाला दोन कोटी टनांची मर्यादा घालून वाट मोकळी केली. परंतु परवान्यांचे नूतनीकरणच चुकीचे होते असे सांगून ७ फेब्रुवारी २०१८ रोजी न्यायालयाने ८८ परवाने रद्द केले आणि १६ मार्च २०१८ पासून खाणी पुन्हा बंद पडल्या. मोठ्या खाणमालकांनी आधीच कमावून ठेवले होते. दारात उभ्या गाडीचे हप्ते भरत बसला तो एक-दोन टिपरवाला, आणि त्याच्या गाडीची दुरुस्ती करणारा मिस्त्री. शेतांत खाणीचा गाळ साचून जमीन गेलेली ती गेलीच होती. डोंगर वाचविणे व डंपरवाला वाचविणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत असे म्हणणाऱ्यांनी डिचोली व सांगे भागातील लोकांना विचारावे.

न खोदता मिळणारा माल

आमच्या भंगारवाल्या बांधवांना समाजात मान कमी, हे कटू सत्य आहे. अंबड लिंक रोडवरचा भंगार बाजार २०१७ मध्ये महापालिकेने हटविला तेव्हा बहुतेक शहराने सुटकेचा श्वास टाकला. आग, धूर व अतिक्रमणाच्या तक्रारी होत्या, त्यांत तथ्यही होते. पण त्या बाजाराने किती खनिज जमिनीतच राहू दिले याचा हिशेब कोणी मांडला नाही. केंद्र शासनाच्या २०१९ च्या पोलाद भंगार धोरणात तो दिला आहे. एक टन भंगार वितळविले की १.१ टन लोहखनिज, ६३० किलो कोकिंग कोळसा आणि ५५ किलो चुनखडी वाचते. ज्याच्या वखारीतून महिन्याला दहा टन लोखंड जाते तो अकरा टन खनिज खोदण्यापासून वाचवितो. परवाना काढून, ठरलेल्या जागेत, तेल व बॅटरीचे आम्ल जमिनीत न सांडता हा धंदा केला तर त्याला नाक मुरडण्याचे कारण उरत नाही.

तीच गोष्ट पाडलेल्या घरांच्या मलब्याची. जुन्या नाशकात वाडे उतरवून इमारती उभ्या राहत आहेत आणि मलबा नासर्डीच्या काठी किंवा मोकळ्या प्लॉटवर रिकामा केला जातो. वर सांगितलेले मानक ३८३ जुन्या काँक्रिटपासून केलेली खडी साध्या काँक्रिटमध्ये २५ टक्के व एम-२५ पर्यंतच्या लोखंडी काँक्रिटमध्ये २० टक्के वापरण्यास परवानगी देते. मलबा फोडून चाळणारे लहान यंत्र आणि दोन गाड्या एवढ्यावर हा धंदा उभा राहू शकतो. कच्चा माल टाकणारा वर पैसे देतो, असे धंदे फार नाहीत.

वीटभट्टीवाल्यांना एकलहऱ्याच्या औष्णिक वीज केंद्राची राख परिचित आहे. १९९९ च्या अधिसूचनेने केंद्रापासून ५० किलोमीटरच्या आत राखेचा वापर सक्तीचा केला, २००३ मध्ये हे अंतर १०० आणि २०१६ मध्ये ३०० किलोमीटर झाले. राखेच्या विटेला सुपीक मातीचा वरचा थर खरवडावा लागत नाही, भट्टी लावावी लागत नाही. वीट एकसारखी निघते म्हणून गिलावाही कमी लागतो.

कागद जवळ ठेवा

रस्त्यावर गाडी अडविली जाते तेव्हा खाणवाला तेथे नसतो, चालक असतो. २०१८ मध्ये ठरविलेल्या दरांप्रमाणे बेकायदा गौण खनिजासह पकडलेली ट्रॅक्टर-ट्रॉली सोडविण्यास १ लाख, डंपरला २ लाख आणि खोदयंत्राला साडेसात लाख रुपये भरावे लागतात. मालाच्या बाजारभावाच्या पाचपटीपर्यंतचा दंड महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ४८ प्रमाणे निराळा. दोन लाख म्हणजे लहान मालकाचे कित्येक महिन्यांचे हप्ते. म्हणून गाडी भरताना महाखनिज प्रणालीवरचा ऑनलाइन वाहतूक पास गाडीच्या क्रमांकाचा, त्याच दिवसाचा व तेवढ्याच ब्रासचा आहे ना, हे चालकाने स्वतः पाहावे. एका पासावर तीन खेपा करावयास सांगणारा खाणवाला दंडाच्या वेळी फोन उचलीत नाही. माल विकत घेणाऱ्यानेही पावतीची प्रत ठेवावी. साठा पावतीविना सापडला तर कारवाई साठ्याच्या मालकावर होते.

या पावतीवर आणखी एक रक्कम असते, तिच्याकडे फारसे कोणी पाहत नाही. स्वामित्वधनाच्या दहा टक्के रक्कम जिल्हा खनिज प्रतिष्ठानला जाते. ६०० रुपये ब्रास स्वामित्वधन असेल तर ६० रुपये. २०१५ च्या कायदादुरुस्तीने आलेली ही तरतूद खाणीमुळे ज्या गावांचे नुकसान होते त्यांच्यासाठी आहे, आणि पिण्याचे पाणी, आरोग्य, शिक्षण व पर्यावरण यांवर तिचा मोठा वाटा खर्च व्हावयास हवा. खाणीच्या व डंपरच्या रस्त्यावरच्या गावांत आमचीही घरे आहेत. तेथील ग्रामसभेने पाण्याच्या टाकीसाठी, छातीच्या तपासणीच्या शिबिरासाठी किंवा सोडून दिलेल्या खाणीला कुंपण घालण्यासाठी ठराव करून जिल्हाधिकारी कार्यालयात द्यावा व पोच घ्यावी. पावसाळ्यात अशा खाणी पाण्याने भरतात आणि पोहावयास गेलेली मुले त्यांत बुडतात, तेव्हा कुंपणाचा ठराव पावसाच्या आधीच जावा.